उसाला मत आहे, माणसाचे काय?

२०२४ च्या मे महिन्यात देशभरातली प्रसारमाध्यमे बारामतीत तळ ठोकून होती. त्यांचा विषय एकच होता, एक घर. मे महिन्यात नणंद विरुद्ध भावजय आणि नोव्हेंबरमध्ये काका विरुद्ध पुतण्या. घर कसे फुटले, कोण कोणाकडे गेले, सणाला कोण एकत्र आले आणि कोण आले नाही, याच्या बातम्यांनी पाने भरली. लोकसभेला सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच बारामतीने अजित पवारांना लाखाहून अधिक मतांनी निवडून दिले. पंडितांनी यावर पुष्कळ विश्लेषण केले. परंतु ज्या घरांनी ही मते दिली, त्या घरांत त्या वर्षी काय चालले होते, हे विचारायला कोणाचाही कॅमेरा आमच्या वस्तीत आला नाही. राजकारणात घर म्हणजे सत्तेचे घर, बाकीच्यांची नुसती मते, हा प्रस्थापितांचा जुना हिशेब आहे. म्हणून आज एका साध्या आंबेडकरी घराबद्दल लिहिणार आहे. ते घर माझे आहे.

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की काटेवाडीच्या पुढे भवानीनगर लागते. श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना तो इथलाच. तुकोबांची पालखी याच रस्त्याने सणसरच्या मुक्कामाला जाते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने हा मुलूख हिरवा केला आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा राहिला. त्या उसाच्या पाठीमागे, परिसरातल्या एका गावाच्या कडेला आमची वस्ती आहे. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. हंगामात गव्हाणीवर काम आणि हंगाम संपला की मिळेल ते काम. आई आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपत आली. थोरला भाऊ आजही तिथेच ट्रॅक्टर चालवतो, ट्रॅक्टर अर्थातच दुसऱ्याचा. मी बाबासाहेबांच्या पुण्याईने शिकलो, नोकरीला लागलो आणि पुण्याचा झालो. माझी मुलगी २०२४ च्या आरंभी अठरा वर्षांची झाली.

तिने हट्टाने आपले नाव गावच्या मतदार यादीत घातले होते. नमुना ६ भरला, शाळा सोडल्याचा दाखला जोडला आणि पाठपुरावाही स्वतःच केला. यादी हातात आली तेव्हा तिचे नाव होते आणि आठ वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या वडिलांचेही नाव होते. आई हसून म्हणाली, "बरं हाय, म्हातारा अजून गावात हाय म्हणायचा." माझे स्वतःचे नाव मात्र पुण्यात. पुण्याचे मतदान १३ मे रोजी होते आणि बारामतीचे ७ मे रोजी, म्हणून मी त्या दिवशी मोकळा होतो आणि गावी गेलो होतो.

सकाळी वस्तीत जीप आली. कोणाची, हे सांगण्यात अर्थ नाही, अशा जीपा सगळ्यांच्याच असतात. दादा म्हणाला, "आई, बस की, उन्हाचं कशाला चालतीस?" आई बसली नाही. म्हणाली, "दुसऱ्याच्या गाडीत बसून गेलं की उतरताना देणं लागतं." ती नातीचा हात धरून शाळेपर्यंत चालत गेली. रांगेत उभ्या असलेल्या बायका एकमेकींना हळू आवाजात एकच गोष्ट सांगत होत्या, 'बाबासाहेबांनी लिहिलेलं बदलणार म्हणत्यात.' त्या निवडणुकीत चारशे पारची घोषणा होती आणि संविधान बदलासाठीच एवढ्या जागा हव्या आहेत, अशी भाषा काही तोंडांतून बाहेर पडली होती. तिचा अर्थ आमच्या वस्तीला कोणा पुढाऱ्याने समजावून सांगावा लागला नाही. अमरावती, रामटेक, लातूर, सोलापूर आणि शिर्डी हे महाराष्ट्रातले अनुसूचित जातींसाठी राखीव असलेले पाचही मतदारसंघ त्या वेळी महाविकास आघाडीकडे गेले. हा निव्वळ योगायोग होता, असे कोणी म्हणत असेल तर त्याने त्या रांगेत उभे राहायला हवे होते.

मग नोव्हेंबर आला. दरम्यान जुलैपासून लाडकी बहीण योजना सुरू झाली होती. वहिनीच्या खात्यावर महिना १५०० रुपये जमा होऊ लागले. आईचे वय ६५ च्या पुढे, तिला काही नाही. विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री घरात वाद झाला. वहिनीने स्पष्ट सांगितले की या वेळी ती आपले मत आपल्या मनाने देणार. मी पुण्याहून फोनवर तिला चळवळ समजावू लागलो. पंधराशे रुपयांत मत जाते काय, असा एक कडवट शब्दही माझ्या तोंडून गेला. आईने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "तिला नावं ठिवू नको. लगीन होऊन आली तवापास्नं तिच्या नावावर पैसा आलेला ह्यो पहिला. तुझ्या चळवळीनं तिला काय दिलं ते आधी सांग."

मला उत्तर देता आले नाही. आजही नीटसे देता येत नाही. सत्ताधाऱ्यांनी निवडणुकीच्या तोंडावर पैसे वाटले, ही टीका खरीच आहे. पण ज्या बाईला आयुष्यात कोणी हिशेबात धरले नाही, तिला सरकारने निदान खातेदार म्हणून धरले आणि आम्ही तिला फक्त मोर्च्यातली संख्या म्हणून धरत आलो, हेही तितकेच खरे आहे. चळवळीतल्या पुरुषांनी हा आरसा एकदा समोर धरावा.

ज्या वहिनीला मी त्या रात्री दुखावले, तीच डिसेंबरमध्ये पुढे आली. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या अटकसत्रात पकडलेला वडार समाजातला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात शोकसभा झाली, तिच्यासाठी घरोघर फिरून बायका गोळा केल्या त्या वहिनीने. मत कोणाला दिले यावरून माणूस आपला की परका हे ठरवणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

या सगळ्या वर्षात खरा धडा मला मिळाला तो मात्र पुढच्या मे महिन्यात. मे २०२५ मध्ये श्री छत्रपती कारखान्याची निवडणूक झाली. परिसर पुन्हा फलकांनी भरला. अजित पवार, मंत्री दत्तात्रय भरणे आणि एके काळचे विरोधक पृथ्वीराज जाचक एकत्र आले आणि त्यांच्या जय भवानीमाता पॅनेलने २१ च्या २१ जागा जिंकल्या. लोकसभेला ज्यांची घरे दोन होती, विधानसभेला ज्यांचे झेंडे दोन होते, त्यातले कोण कोणाबरोबर आहे याची चर्चा चहाच्या टपरीवर रंगली होती. मुलगी सुट्टीला गावी आली होती. तिने आजीला विचारले, "आजी, या वेळी तू कुणाला मत देणार?"

"मला कुठं हाय मत?"

"का? गेल्या वर्षी तर दोनदा दिलंस."

आई धान्य निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती माणसाची मतं हुती, बाय. हितं उसाला मत हाय, माणसाला न्हाई."

वाचकहो, मी सहकारावर आणि लोकशाहीवर अनेक भाषणे ऐकली आहेत. काही स्वतःही ठोकली आहेत. या एका वाक्याइतके नेमके विवेचन मी कुठे ऐकलेले नाही.

सहकारात एक सभासद, एक मत हे तत्त्व आहे, ते चांगलेच आहे. दहा एकरवाल्यालाही एक मत आणि दोन एकरवाल्यालाही एकच. पण प्रश्न त्याच्या आधीचा आहे, सभासद कोण? साखर कारखान्याचा उत्पादक सभासद व्हायचे तर ऊस पाहिजे. ऊस पाहिजे तर कार्यक्षेत्रात जमीन पाहिजे. जमीन पाहिजे तर सातबारावर नाव पाहिजे. आणि आमचे नाव सातबारावरून कसे गेले, हा या गावगाड्याचा इतिहास आहे. महार वतनाच्या जमिनी या गुलामीच्या मोबदल्याच्या आहेत हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. जमिनी नव्या शर्तीने परत मिळायच्या होत्या, पण त्यासाठी भरायचे पैसे आमच्याकडे नव्हते, कागद कळत नव्हते आणि ज्यांना कळत होते त्यांचा डोळा त्याच जमिनींवर होता. आमच्या घराचाही एक तुकडा असाच आजोबांच्या आजारपणात गेला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यांच्याच नावाने २००४ पासून भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची योजना आहे. २०१८ साली ती शंभर टक्के अनुदानाची झाली आणि बागायतीचा दर एकरी ८ लाखांपर्यंत ठरला. कालव्याच्या भिजवणाखालची जमीन या दराने विकायला कोण तयार होईल, हे बारामती-इंदापूरच्या कोणाही माणसाला विचारावे. योजना कागदावर राहते आणि ऊस ज्याचा होता त्याचाच राहतो.

म्हणजे जमीन नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून शेअर नाही, शेअर नाही म्हणून मत नाही. आणि हे चित्र आपल्याला ओळखीचे वाटले पाहिजे. इंग्रजांच्या राज्यात ग्रामीण भागातले मत असेच शेतसाऱ्याच्या आकड्यावर ठरत होते. जो सारा भरतो तो मतदार, जो राबतो तो कोणी नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे तरुण आंबेडकरांनी हा अन्याय उघडा केला आणि १९२८ साली पुण्यात सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने प्रौढ मताधिकाराची मागणी केली. ती संविधानाने पूर्ण केली. मालमत्तेची अट दिल्लीला आणि मुंबईला जाणाऱ्या मतावरून उठली. पण तालुक्याचे आर्थिक राज्य जिथून चालते, त्या कारखान्याच्या दारात ती अजून पाय रोवून उभी आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी जो इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत, ती विसंगती पुस्तकात शोधायची गरज नाही. भवानीनगरच्या रस्त्यावर उभे राहिले की पुरे. ७ मे २०२४ ला माझ्या आईच्या मताची किंमत ट्रॅक्टरमालकाच्या मताएवढी होती. मे २०२५ ला तिची किंमत शून्य होती. बाई तीच, गाव तेच.

कोणी म्हणेल, संचालक मंडळात अनुसूचित जाती-जमातीसाठी राखीव जागा आहे की! आहे, एक आहे. २१ जणांत एक. पण ती जागा निवडतो कोण? सगळे सभासद मिळून निवडतात, आणि सभासदांत आमचे किती हे वर सांगितलेच. मग त्या जागेवरचा माणूस जातीने आपला आणि पॅनेलने त्यांचा असतो. त्याने वस्तीचा प्रश्न काढला तर पुढच्या वेळी पॅनेल त्याचे नाव काढते. यात त्या माणसाचा दोष नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघातून निवडून येणाऱ्या आमच्या प्रतिनिधींचे जे झाले, त्याचीच ही तालुका आवृत्ती आहे. आम्ही विधानसभेच्या राखीव जागांवर ऐंशी-नव्वद वर्षे चर्चा करतो आहोत आणि रोजच्या भाकरीशी जोडलेल्या या राखीव जागेवर एक ओळ लिहीत नाही, हे आश्चर्य आहे.

आणि ऊसतोड मजूर? त्यांना तर माणसाच्या मतासाठीही झगडावे लागते. २०२४-२५ चा गळीत हंगाम सुरू करण्याची तारीख १५ नोव्हेंबर ठरली होती आणि विधानसभेचे मतदान होते २० नोव्हेंबरला. बीडकडच्या टोळ्यांनी मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयता उचलून गाव सोडावे की मत देईपर्यंत थांबावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, थंडीत पाचटाच्या कोपीत राहतात. ज्याच्या कष्टावर कारखान्याची चिमणी पेटते, त्याला गावाकडच्या मतासाठी धडपड आणि कारखान्यात मतच नाही. यातला मोठा वर्ग दलित, भटके-विमुक्त आणि बहुजनांतल्या गरिबांचा आहे. त्यांचा प्रश्न हा आपला प्रश्न नसेल तर आपला प्रश्न कोणता?

आता थोडे स्वतःबद्दल. दुसऱ्यावर बोट दाखवणे सोपे असते. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि निवडणूक न होता प्रशासक आले. राज्यभर हेच झाले. तीन वर्षांहून अधिक काळ ग्रामीण माणसाचा हा हक्क टांगणीवर होता. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्या. या तीन वर्षांत मी यावर किती वेळा बोललो? एकदाही नाही. आणि ग्रामसभा? तिला तर कोणी बंद केलेले नव्हते. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्यात असे कायदा सांगतो. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातली कमी असेल ती संख्या लागते. म्हणजे वस्तीतली पन्नास माणसे उठून गेली तर निम्मी ग्रामसभा आपली होते. पण आम्ही १४ एप्रिलच्या मिरवणुकीला पाचशे असतो आणि ग्रामसभेला पाचही नसतो. नोकरीनिमित्त शहरात गेलेले माझ्यासारखे लोक तर तिकडे फिरकतच नाहीत. वर्गणी पाठवली की जबाबदारी संपली.

कारखान्याच्या निकालानंतर आई, वहिनी आणि मुलगी यांच्यात काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. पण १५ ऑगस्ट २०२५ च्या ग्रामसभेला वहिनी वस्तीतल्या अकरा बायकांना घेऊन गेली. प्रश्न मुलीने कागदावर लिहून दिला होता. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात, ते गेल्या तीन वर्षांत किती आणि कशावर झाले? वहिनीने तो उभे राहून वाचला. वाचताना दोनदा अडखळली, पण वाचला. माहिती पुढच्या सभेत ठेवू, असे उत्तर मिळाले. तोपर्यंत आईने शेवटून आवाज दिला, "प्रश्न वहीत लिवा म्हंजे झालं." तो इतिवृत्तात लिहिला गेला. दादा त्या दिवशी बाहेर, सभेच्या दाराशी उभा होता. आत आला नाही, कारण त्याचा मालक आत होता. पण बायकोला घेऊन जायला तो थांबला होता, हेही थोडे नाही. त्याला भित्रा म्हणणे मला शक्य नाही. माझा पगार पुण्यातून होतो, त्याचा पगार त्या खुर्चीतून.

यातून क्रांती झाली असे मी म्हणत नाही. पण नागरिक असणे म्हणजे पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावणे एवढेच नव्हे, हे आमच्या घराला त्या वर्षात कळले. राजकीय पक्षांची फाटाफूट होवो की एकी होवो, निळ्या झेंड्याखालचे गट कोणाशीही युती करोत, ही कामे आपली आपल्याला करावी लागतील. प्रत्येक वस्तीत मतदार यादीचे वाचन व्हावे, अठरा वर्षांच्या पोरापोरींची नावे घालावीत, वारलेल्यांची काढावीत. प्रत्येक ग्रामसभेला वस्तीतून, विशेषतः बायकांनी, लेखी प्रश्न घेऊन जावे. वतन जमिनींचे जुने फेरफार उतारे काढून कायद्याच्या जाणकारांना दाखवावेत. आणि सहकार कायद्यात बदलाची मागणी चळवळीने आपल्या अजेंड्यावर घ्यावी. कारखान्याच्या संचालक मंडळावर कामगारांचा आणि ऊसतोड मजुरांचा, त्यांनीच निवडलेला प्रतिनिधी का नसावा? ऊस घालणारा मालक असेल, तर ऊस तोडणारा आणि ऊस गाळणारा कोण?

आमच्या घरात आता तीन पिढ्यांच्या बायका तीन वेगवेगळी मते देतात आणि एका ताटात जेवतात. हे घर फुटलेले नाही. बाबासाहेबांनी दिलेले मत या घरात खऱ्या अर्थाने पोहोचले, असे मी समजतो. आता ते कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचवायचे आहे. आई म्हणते, "माझ्या हयातीत व्हईल का?" मला ठाऊक नाही. पण १९२८ साली प्रौढ मताधिकार मागणाऱ्यालाही लोक हसलेच असतील.

जयभीम.